धुराच्या दिवसांतली एक खोली

आमच्याकडे धुराचे दिवस फेब्रुवारीत सुरू होतात. कापसाची उलंगवाडी झाली की वावरातली पऱ्हाटी उपटली जाते, धुऱ्यावर तिचे ढीग लागतात आणि रान मोकळं करायचं म्हणून ते पेटवले जातात. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं यवतमाळ जिल्ह्यातला कापूस खाल्ला. पऱ्हाटी वावरात उभी ठेवायची नाही, हे त्यानंतर सगळ्यांना पटलं; पण उपटलेल्या पऱ्हाटीचं करायचं काय, याला बहुतेकांकडे आगपेटीशिवाय उत्तर नव्हतं. मग गव्हाची काडी जळते, धुरे जळतात. तोवर जंगलात सागाची पानं गळून पडलेली असतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून रान पेटवतात, आणि ती आग कुठं थांबेल हे कोणाच्याच हाती राहत नाही. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतो. एप्रिल 2021 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन वनमजूर गेले. वणवा म्हटलं की मला आधी ते तिघं आठवतात.

बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातलं अडाण नदीकाठचं माझं गाव. धूर वावरातला असो की जंगलातला, संध्याकाळी वारा पडला की तो गावावर उतरतो आणि सकाळी ऊन चढेपर्यंत हलत नाही. मी आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त झाले, पण गावात अजून ‘सिस्टर’च म्हणतात. या चार महिन्यांत माझ्याकडे कोणाचा नातू खोकतो म्हणून, कोणाच्या सासूला रात्री दम लागतो म्हणून लोक येतात. औषध डॉक्टरांनी द्यायचं. मी घर बघायला जाते, कारण चोवीस तासांतले बहुतेक तास माणूस, त्यातही लेकरू आणि म्हातारं माणूस, घराच्या आतच श्वास घेत असतं. गावावरचा धूर एका घराला आवरता येत नाही, पण घरातली एक खोली सांभाळता येते. ती कशी, एवढंच मला सांगायचं आहे.

धुरात डोळ्यांना दिसते ती राख फारशी घातक नाही. ती नाकात, घशात अडकते. घातक असतात ते 2.5 मायक्रॉनपेक्षा बारीक कण. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या बारीकपणाची कल्पना यावी. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथून रक्तात उतरतात. म्हणून धुराच्या दिवसांत नुसता खोकला वाढत नाही, हृदयविकाराच्या माणसालाही धोका वाढतो. आपल्या देशात या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली ती 15 असावी असं सांगितलं. गावात हे मोजायला यंत्र नसतं. मी सकाळी उठून लांबची झाडं बघते. रोज स्वच्छ दिसणारी झाडांची ओळ पुसट झाली असेल आणि धुके पडायचा हंगाम नसेल, तर तो दिवस धुराचा.

आता कूलर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण विदर्भात याच ठिकाणी गाडी अडते. कूलर खिडकीत बसतो, बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून किंवा भुशाच्या जाळीतून ओढतो आणि थंड करून आत फेकतो. लोकांना वाटतं, हवा पाण्यातून येते म्हणजे धुवून येते. तसं होत नाही. जाळीवर थोडी धूळ अडकते, पण धुराचे बारीक कण सरळ आत येतात. म्हणजे बाहेर धूर असताना कूलर चालू ठेवला, तर आपण पंखा लावून तो धूर खोलीत भरत असतो. हे मी एका आजींना समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सिस्टर, कुलर बंद केला तं उकाड्यानंच मरून जाईन ना मी!” त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. टिनाच्या घरात दारं-खिडक्या लावून म्हाताऱ्या माणसाला बसवलं, तर धुराच्या आधी ऊन त्यांचा जीव घेईल. उष्माघात काही तासांत माणूस नेतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: धूर आणि उकाडा यांत एकच निवडायची वेळ आली, तर आधी उकाड्यापासून वाचवायचं.

पण बहुतेक वेळा तशी वेळ येत नाही, कारण धूर दिवसभर सारखा नसतो. ऐन दुपारी वारा सुटतो, हवा वर उठते आणि धूर पांगतो. उकाड्याचे हे सगळ्यात वाईट तास, तेव्हा कूलर खुशाल चालवावा. संध्याकाळी धूर उतरला की कूलर बंद करून खिडकी लावायची, छताचा पंखा सुरू ठेवायचा, मानेवर आणि हातापायांवर ओलं फडकं ठेवायचं, पाणी पाजत राहायचं. धूर ओसरला की समोरासमोरची दारं-खिडक्या उघडून कूलर पुन्हा पूर्ण वेगानं लावावा. तो आता आतली कोंदट हवा दुसऱ्या दारानं बाहेर ढकलतो. धूर गेल्यावरही घर बंदच ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या घरात आदल्या रात्रीचा धूर दुसऱ्या दिवशीही कोंडलेला असतो. ज्यांच्याकडे स्प्लिट एसी आहे, त्यांना ही कसरत नाही. तो खोलीतलीच हवा फिरवतो.

खोली निवडताना मी टिनाची टाळते. घरात एखादी स्लॅबची किंवा जुन्या माळवदाची खोली असेल तर ती घ्यावी: लहान, कमी खिडक्यांची, सैपाकघरापासून लांब. दाराखालच्या फटीत ओलं फडकं पिळून लावावं. टिनाचीच खोली घ्यावी लागली, तर टीन आणि भिंत यांच्यामधली फट सगळेच विसरतात, आणि धूर तिथूनच येतो. ती फडक्यांनी किंवा पोत्यानं बुजवावी. लेकरू, बाळंतीण, गरोदर बाई, दम्याचा माणूस आणि म्हातारं माणूस, एवढ्यांनी धुराच्या वेळी त्या खोलीत राहावं. ते जमत नसेल, तर संध्याकाळपुरतं शेजारच्या पक्क्या घरात जाऊन बसावं.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. फटी बुजवलेल्या खोलीत काहीही पेटवायचं नाही. शेगडी नाही, निखाऱ्याचं घमेलं नाही, बाळंतिणीचा शेकही नाही. कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेलं माणूस झोपेतच जातं.

आता घरातला धूर. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञानं गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. तोवर जग प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी एवढंच समजत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 2020 साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे 32 लाख माणसं मेली. उज्ज्वला योजना 2016 साली आली आणि आमच्या गावांतही गॅस पोचला, पण दुसरं सिलिंडर भरायचं म्हटलं की हात आखडतो आणि पऱ्हाटी, तुराटी तर फुकट असते. मी कोणाला ‘चूल सोडा’ म्हणत नाही. ज्याच्या घरी पैसे नाहीत त्याला असं सांगणं मला शोभत नाही. मी म्हणते, गॅस राखून ठेवा आणि गावावर धूर असेल त्याच दिवशी तो लावा. एरवी चूल मोकळ्या अंगणात पेटवली तर धुराला जायला वाट असते. पण खिडक्या बंद असताना आत चूल पेटली, तर बाहेरच्यापेक्षा आतला धूर किती तरी जास्त होतो. स्वयंपाक झाला की एक्झॉस्ट फॅनही बंद करावा, कारण तो जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी बाहेरची धुरकट हवा फटींतून आत ओढतो.

उदबत्ती आणि धूप त्या दिवसांत अंगणातल्या तुळशीपाशी लावावा. डासांच्या कॉइलबद्दल मात्र मी कडक आहे. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींएवढे भरतात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. लेकराच्या उशाशी ती रात्रभर जळते. मच्छरदाणी लावा. आणि झाडू कोरडा मारू नका; खाली बसलेले कण पुन्हा उडतात, ओल्या फडक्यानं पुसा.

दम्याचा पेशंट घरात असेल आणि ऐपत असेल, तर एअर प्युरिफायरवरचा खर्च वाया जात नाही. त्यात हेपा फिल्टर आहे ना, एवढं बघा. सुगंध आणि ओझोनच्या जाहिरातींना भुलू नका. खोक्यावर सीएडीआर लिहिलेला असतो, म्हणजे तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ होते तो आकडा. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण 34 घनमीटर हवा मावते. ती तासातून पाच वेळा गाळली जावी, म्हणून 170 च्या वरचं यंत्र घ्यावं. अमेरिकेत 2020 साली रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांनी याला स्वस्त तोड काढली: चार चौकोनी फिल्टर खोक्यासारखे उभे करायचे, वर पंखा बसवायचा, फटी चिकटपट्टीनं बंद करायच्या. कॅलिफोर्नियातल्या वणव्यांच्या धुरात असे डबे घरोघरी तयार झाले. वायरिंग जाणणाऱ्या कोणालाही ते जमेल. फिल्टर मात्र ‘मर्व्ह 13’ दर्जाचा हवा.

दुपट्टा किंवा ओला रुमाल नाकाला बांधून हे कण थांबत नाहीत. वावरात जायचंच असेल तर नाकाला घट्ट बसणारा एन-95 लावावा. गूळ खाल्ल्यानं फुप्फुस साफ होत नाही, आणि कुंडीतल्या झाडांनी खोलीची हवा गाळली जात नाही.

लहान लेकरासाठी घड्याळ जवळ ठेवा. लेकरू शांत असताना त्याचं पोट पूर्ण एक मिनिट बघा आणि श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे 40 किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो धुराचा साधा खोकला समजू नका. तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच वेळी दवाखान्यात न्या, सकाळची वाट बघू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच माणसांना हे शिकवून लेकरं वाचवली. आईला आणि आजीलाही ते येतं.

आणि पऱ्हाटी. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या श्रेडरनं ती बारीक करून जमिनीत मिसळता येते, खत होतं. एकट्याला भाडं परवडत नसेल तर चार धुरेकऱ्यांनी मिळून आणावं. तरीही कोणाला पेटवायचीच असेल, तर संध्याकाळी न पेटवता दुपारच्या आधी, माणसं आणि पाणी जवळ ठेवून पेटवावी, आणि आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगावं. म्हणजे ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे ते निदान खिडक्या लावून घेतील.