नोंदवहीबाहेरची मालमत्ता

नगराची मालमत्ता म्हटली की रस्ते, पूल, जलवाहिन्या आणि पंपगृहे डोळ्यांपुढे येतात. त्यांची नोंदवही असते, घसारा धरला जातो आणि डागडुजीसाठी अंदाजपत्रकात तरतूद होते. परंतु एखादा तलाव किंवा दलदलीची भूमी नगराची जी सेवा करते, तिची नोंद या वहीत सहसा सापडत नाही. कोलकात्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

कोलकाता शहर हुगळीच्या काठी वसले असले, तरी त्याच्या भूमीचा उतार नदीकडे नसून पूर्वेकडे आहे. शहराचे सांडपाणी कालव्यांवाटे त्या बाजूच्या सुमारे १२,५०० हेक्टरांच्या पाणथळ प्रदेशात जाते. तेथील उथळ तळ्यांत जिवाणू मैल्याचे विघटन करतात, सूर्यप्रकाश रोगजंतूंचा नाश करतो, शेवाळ वाढते आणि त्यावर मासे पोसतात. निवळलेले पाणी पुढे भातशेतीस मिळते. अन्यत्र उपद्रवी ठरणारी जलपर्णीदेखील येथे काठाने राखलेली असते, कारण ती लाटांपासून बांधांचे रक्षण करते. हे सारे मच्छीमारांच्या पिढीजात कौशल्यावर चालते.

ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने या व्यवस्थेचे मर्म जगापुढे मांडले. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने तेथे भराव घालण्यास आळा घातला. २००२ साली हा प्रदेश रामसर यादीत आला आणि २००६ साली राज्याने त्याच्या रक्षणाचा कायदा केला.

तथापि कायदा अतिक्रमण थोपवील, पण तो कालव्यातील गाळ उपसणार नाही. गाळ साचला की तळ्यांना सांडपाणी पुरेसे मिळत नाही, मत्स्योत्पादन घटते आणि जमीन विकण्याचा मोह बळावतो. यावर उपाय म्हणजे अशा भूमीला पंपगृहाच्या शेजारी नोंदवहीत जागा देणे, तिच्या स्थितीची नियमित पाहणी करणे आणि देखभालीचा खर्च दरवर्षी मंजूर करणे. कॅनडातील गिब्सन्स या लहानशा नगराने २०१४ साली आपल्या धोरणात नैसर्गिक संपत्तीला असेच स्थान दिले.

मात्र नोंदवहीतील मूल्य म्हणजे विक्रीची किंमत नव्हे. यंत्र कितीही जपले तरी एक दिवस मोडीत निघते. नीट राखलेले तळे पिढ्यान्‌पिढ्या काम देते. एकदा बुजविलेले तळे मात्र कोणत्याही अंदाजपत्रकाने सहजी परत मिळत नाही.