वाढवलेला वेग आणि घराचा हिशेब

आपल्या वस्त्यांमधून हल्ली बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या स्कूटर बऱ्याच दिसू लागल्या आहेत. कुणी मुलीच्या क्लाससाठी घेतली, तर कुणी पहाटेच्या पाळीला जाण्यासाठी. कष्टकरी कुटुंबाच्या दारात गाडी उभी राहते याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु याच गाड्यांचा वेग वाढवून घेण्याचे जे वेड तरुण मुलांना लागले आहे, त्याबद्दल आई-वडिलांशी दोन शब्द बोलणे आम्हाला आवश्यक वाटते.

या छोट्या गाड्यांना नोंदणी, विमा व परवाना लागत नाही. असे का, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या गाडीच्या मोटारीची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत आहे, तिला कायदा मोटार वाहन मानत नाही. म्हणजे ही सवलत मिळते ती गाडी हळू चालते म्हणून!

मग एखादा मेकॅनिक कंट्रोलरची वेगमर्यादेची वायर काढतो. कुणी 48 व्होल्टच्या चार बॅटऱ्यांना पाचवी जोडून 60 व्होल्ट करतो. गाडी पळू लागते, मुलगा खूश होतो. पण ब्रेक तेच, टायर तेच, सांगाडाही तोच राहतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. जास्त करंटने मोटार, वायरिंग व बॅटरी तापते, ते वेगळेच.

आता कायद्याचे पाहू. वेग वाढताच ती गाडी मोटार वाहन ठरते, तेही बिननोंदणीचे आणि बिनविम्याचे. तिच्याखाली कुणी सापडले तर भरपाई विमा कंपनी देणार नाही, ती घरातून द्यावी लागेल. 2019 च्या दुरुस्तीनुसार परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवानाही मिळत नाही. पुढे ड्रायव्हरची नोकरी करायची म्हटली तर काय करणार?

आणि एवढे करून मिळते काय? पाच किलोमीटरला ताशी 25 च्या वेगाने 12 मिनिटे लागतात, 45 च्या वेगाने पावणेसात. म्हणजे जेमतेम पाच मिनिटे वाचली, आणि तीही वाटेत सिग्नल लागला नाही तर!

गाडी घेताना पक्के बिल घ्या. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेच्या मान्यतेचा दाखला दुकानदाराकडे मागा. खरोखरच जास्त वेग हवा असेल, तर नोंदणीची स्कूटर, विमा, परवाना आणि आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट, एवढ्यांचा खर्च आधी मांडा. तो झेपत नसेल तर हळू गाडीच बरी. त्यात कसली लाज?

धम्मपदात अप्रमादावर एक स्वतंत्र वग्ग आहे. अप्रमाद म्हणजे सावधपणा. तो विहारात वंदनेपुरता नाही, रस्त्यावरही पाळायचा आहे. बाबासाहेबांच्या लेकरांनी पुढे जावे, जरूर जावे. पण संध्याकाळी सुखरूप घरीही यावे. या रविवारी विहारात मुलांना जवळ बसवून हा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या.

जयभीम!