एका सेवेचे दुहेरी मोल

दक्षिण आफ्रिकेत चौकातील वाहतूक दिव्याला सर्रास ‘रोबॉट’ म्हणतात. तेथे नव्याने गेलेल्या भारतीयाला ‘तिसऱ्या रोबॉटपाशी डावीकडे वळा’ असे सांगितले, की तो क्षणभर बुचकळ्यात पडतो. गेल्या काही वर्षांत मात्र हे रोबॉट वारंवार डोळे मिटून उभे राहिले. वीज गेली की दिवे विझतात आणि चौकात निराळा नियम लागू होतो : चारही बाजूंची वाहने थांबणार, आणि जो आधी थांबला तो आधी निघणार. बहुतेक चालक हा क्रम निमूटपणे पाळतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहजी पटणार नाही. क्रम मोडण्याबद्दल सर्वाधिक दूषणे मिळतात ती मिनिबस टॅक्सींना. परंतु सार्वजनिक वाहनाने कामावर जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य याच टॅक्सींवर अवलंबून आहेत आणि चालकाची कमाई फेऱ्यांवर ठरते, हेही विसरता येत नाही.

जोहान्सबर्गमधील काही गजबजलेल्या चौकांत वाहतुकीला वाट दाखविणारी गणवेशधारी माणसे दिसू लागली, त्यांचा खर्च एका खासगी विमा कंपनीने उचलला. रस्त्यांवरील खड्डे बुजविण्याच्या कामातही विमा कंपन्या उतरल्या. त्यांचा हिशेब सरळ आहे. अपघात आणि फुटलेले टायर कमी झाले, तर भरपाईचे दावे कमी होतात. पण हा पैसा येतो विमाधारकाच्या हप्त्यातून, आणि त्याच विमाधारकाने महापालिकेचा कर व वाहनाचे परवाना शुल्क आधीच भरलेले असते. दक्षिण आफ्रिकेतील मध्यमवर्गीयाच्या नित्याच्या वैतागाचे मूळ या दुहेरी भरण्यात आहे.

भारनियमन हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. तेथील ‘लोडशेडिंग’ची कथा मात्र अधिक खेदजनक, कारण संकटाची सूचना आधी मिळाली होती. नवी वीजकेंद्रे वेळेत उभारली नाहीत तर 2007च्या सुमारास वीज अपुरी पडेल, असा इशारा सरकारच्याच 1998च्या ऊर्जा धोरणपत्रिकेत होता. घडले तसेच. 2007च्या अखेरीस अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी सरकारचे चुकले, अशी जाहीर कबुली दिली. त्याच सुमारास हाती घेतलेली मेडुपी आणि कुसिले ही अवाढव्य कोळसा केंद्रे वर्षानुवर्षे रखडली, त्यांचा खर्च फुगत गेला. 1923 साली स्थापन झालेल्या ‘एस्कॉम’ या सरकारी वीज कंपनीला भ्रष्टाचारानेही पोखरले. न्यायमूर्ती झोंडो आयोगापुढे त्याची लक्तरे निघाली. त्या प्रकरणातील गुप्ता बंधू मूळचे उत्तर प्रदेशातील सहारनपूरचे, ही आपल्याला मान खाली घालायला लावणारी बाब. 2023 हे वर्ष सर्वांत वाईट ठरले. त्या वर्षी 300हून अधिक दिवस भारनियमन झाले आणि सहाव्या टप्प्याच्या दिवसांत घरे दहा-दहा तास अंधारात राहिली. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, दुकानातील शीतपेटी, सारे मोबाइलवरील वेळापत्रक पाहून ठरू लागले.

त्याच काळात घराच्या कर्जाचा हप्ताही चढत होता. तेथील गृहकर्जे बहुधा बदलत्या व्याजदराची असतात. बँकांचा ‘प्राइम’ दर नोव्हेंबर 2021पर्यंत 7 टक्के होता. महागाई रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने दर वाढवीत नेले आणि मे 2023मध्ये तो 11.75 टक्क्यांवर पोहोचला. वीस वर्षांच्या मुदतीचे 10 लाख रँडचे कर्ज धरले, तर मासिक हप्ता सुमारे 7,750 रँडवरून 10,840 रँडवर जातो. महिन्याला तीन हजारांहून अधिक रँडचा हा फरक. पगार तोच, घर तेच. पेट्रोलचे दर दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी बदलतात, त्यामुळे दरवाढ जाहीर झाली की मंगळवारी पंपांवर रांगा लागतात. टाकी भरून वाचणारी रक्कम किरकोळच. पण जिथे काहीच आपल्या हाती उरत नाही, तिथे एवढी बचतही माणसाला समाधान देते.

दुसऱ्यांदा पैसे मागितल्यावर नागरिकांनी ठाम नकार दिल्याचेही एक ठळक उदाहरण आहे. जोहान्सबर्ग व प्रिटोरिया ज्या गाउटेंग प्रांतात येतात, तेथील महामार्गांवर डिसेंबर 2013मध्ये इलेक्ट्रॉनिक टोल सुरू झाला. इंधनावरील करातून रस्त्यांचे पैसे आम्ही देतोच, असे म्हणत बहुसंख्य वाहनचालकांनी बिले भरलीच नाहीत. एप्रिल 2024मध्ये सरकारला टोल बंद करावा लागला. पुढच्याच महिन्यातील निवडणुकीत सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची मते 40 टक्क्यांवर घसरली आणि 1994नंतर प्रथमच तिला बहुमत गमवावे लागले. नवे सरकार अनेक पक्षांचे. 2025च्या अर्थसंकल्पात मूल्यवर्धित कर वाढविण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सरकारातील भागीदारच विरोधात उभे राहिले आणि अखेर कर 15 टक्क्यांवरच ठेवावा लागला. कारभार मंदावला अशी तक्रार होते. तरी खजिन्याला जाब विचारणारे कोणी आत बसले आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

ज्यांना परवडले त्यांनी छतावर सौर पॅनेल, घरात बॅटरी, अंगणात पाण्याची टाकी बसवली. पोलिसांपेक्षा खासगी सुरक्षारक्षकांची संख्या तेथे कितीतरी अधिक आहे. उपचारांसाठी खासगी वैद्यकीय योजना घेणे जेमतेम सहाव्या हिश्श्याच्या लोकसंख्येलाच साधते. वीजटंचाईच्या काळात सरकारने घरगुती सौर पॅनेलवर करसवलतही दिली आणि छतांवरील सौर क्षमता काही वर्षांतच 5,000 मेगावॉटच्या पलीकडे गेली.

व्यक्तीच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचाच. सार्वजनिक ताळेबंदात मात्र त्याची दुसरी बाजू उमटते. नियमित बिल भरणारा ग्राहक वीज कमी घेऊ लागला, की तारा, रोहित्रे आणि कर्मचारी यांचा न घटणारा खर्च उरलेल्यांवर पडतो. महापालिकांना वीजविक्रीतून मिळणारे उत्पन्न आटते, त्यांची एस्कॉमकडील थकबाकी वाढते. ती 2025मध्ये 100 अब्ज रँडच्या घरात पोहोचली. एस्कॉमला कर्जातून सोडविण्यासाठी खजिन्याने 2023मध्ये 254 अब्ज रँडची योजना जाहीर केली, म्हणजे करदात्याने पुन्हा एकदा पैसे मोजले. दरवाढही थांबलेली नाही : 2023मध्ये 18.65 टक्के, 2025मध्ये 12.74 टक्के. दर वाढला की आणखी कोणी सौर पॅनेल बसवतो आणि पुढच्या दरवाढीची तयारी होते.

ज्याला पॅनेल परवडत नाही, तो या चक्रात सर्वांत खाली दबला जातो. देशातील बेरोजगारीचा दर 30 टक्क्यांहून अधिक आहे. लाखो कुटुंबे सरकारी अनुदानावर तगून आहेत. मार्च 2024च्या अखेरीपासून भारनियमन जवळजवळ संपले. 2025मध्ये अधूनमधून काही दिवस परतले एवढेच. शहरांतल्या मोठ्या चौकांत रोबॉट पुन्हा लुकलुकू लागले. परंतु सोवेटोसारख्या वस्त्यांमध्ये चोरट्या जोडण्यांमुळे रोहित्रे जळतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ ऐन गरजेच्या वेळी वीज बंद ठेवण्याची पद्धत त्यानंतरही चालू राहिली. तिला भारनियमन म्हणत नाहीत. तिचे अधिकृत नाव ‘लोड रिडक्शन’, आणि त्यात प्रामाणिकपणे आगाऊ पैसे भरून मीटर चालविणाऱ्या शेजाऱ्याचीही चूल विझते.