पाळीव उंदीर आणण्यापूर्वी

पाळण्यासाठी विकला जाणारा उंदीर आणि माळ्यावर खुडबुडणारा उंदीर हे एक नव्हेत. महाराष्ट्रातल्या घरांत शिरणारा उंदीर बहुधा काळा उंदीर असतो. पाळीव उंदीर तपकिरी उंदराच्या जातीचा, म्हणजे रॅटस नॉर्वेजिकस. तो कित्येक पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढला आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये उंदीर पकडण्याचा व्यवसाय करणारा जॅक ब्लॅक वेगळ्या रंगाचे उंदीर बाजूला काढून त्यांची पैदास करी आणि शौकिनांना विकी. १९०१ मध्ये इंग्लंडमधील एल्सबरीच्या प्रदर्शनात मेरी डग्लस यांच्या प्रयत्नांमुळे या उंदरांना जागा मिळाली. प्रयोगशाळेतला पांढरा विस्टर उंदीरही याच जातीचा. घरात सापडलेले पिल्लू मात्र पाळायला घेऊ नये. ते क्वचितच माणसाळते, शिवाय लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्याच्या मूत्रातून पसरू शकतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणाला या रोगाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही.

एकटा उंदीर पाळणे ही क्रूरताच आहे. हा प्राणी कळपात जगतो, एकमेकांचे अंग साफ करतो, एकावर एक पडून झोपतो. माणसाने दिवसातून तासभर खेळवले तरी ती उणीव भरून निघत नाही. म्हणून किमान दोन आणि तेही एकाच लिंगाचे हवेत. मादी पाच-सहा आठवड्यांत वयात येते, २१ ते २३ दिवसांत विते, एका वेळी आठ-दहा पिल्ले सहज होतात आणि व्यायल्यानंतर दिवसभरातच ती पुन्हा गाभण राहू शकते. दुकानदाराच्या 'दोन्ही माद्याच आहेत' या शब्दावर न विसंबता स्वतः पाहून घ्यावे. महिनाभराच्या नराचे वृषण स्पष्ट दिसतात.

या प्राण्याची सर्वांत नाजूक बाजू म्हणजे श्वास. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात जन्मापासून असतो. धूळ, ताण किंवा कोंदट पिंजरा यांमुळे तो उचल खातो. प्रतिजैविकांनी त्रास आटोक्यात येतो, जंतू मात्र शरीरातून पुरता जात नाही. मूत्रातून सुटणारा अमोनिया श्वासनलिका जाळतो. म्हणून काचेच्या टाकीपेक्षा हवेशीर, बारीक गजांचा मोठा पिंजरा बरा. त्यात खाली सपाट तळ असावा, कारण नुसत्या जाळीवर चालून तळव्यांना जखमा होतात. वखारीतला भुसा घालण्याची सवय चुकीची आहे. त्यात धूळ असते, आणि देवदार किंवा कच्च्या पाइनच्या लाकडातील उग्र द्रव्ये फुप्फुसांना व यकृताला बाधतात. त्याऐवजी साध्या, न छापलेल्या कागदाचे कपटे किंवा जुन्या सुती चादरीचे तुकडे घालून ते वारंवार बदलावेत. नाकाशी किंवा डोळ्यांच्या कडेला लालसर डाग दिसला तर घाबरून जाऊ नये. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारे ते पॉर्फिरिन असते, रक्त नव्हे. पण तो डाग वारंवार दिसू लागला आणि श्वासासोबत घरघर ऐकू आली, तर उंदीर आजारी आहे.

उन्हाळा ही आपल्याकडची मोठी अडचण. उंदराला माणसासारखा घाम येत नाही. शरीरातली बरीचशी उष्णता शेपटीतून बाहेर पडते. तापमान तिशीच्या वर गेले की त्याचे हाल सुरू होतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पिंजरा गॅलरीत ठेवणे जिवावर बेतू शकते. घरातली सर्वांत थंड खोली, पाण्याने गार केलेली फरशी आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली एवढे तरी हवेच.

घरात उंदीर मारण्याचे औषध वापरले जात असेल तर पाळीव उंदराला बाहेर सोडू नये. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले विष आपोआप बाहेर पडत नाही. रात्री पिंजऱ्यातल्या दाण्यांच्या वासाने येणारे बाहेरचे उंदीर जवळ फिरकणार नाहीत, अशी जागा निवडणेही तितकेच गरजेचे. खाण्यात ज्वारी-बाजरी, शिजवलेली डाळ, भाज्या चालतात. पण संतुलित तयार खाद्याचा आधार असावा. फरसाण आणि गोडधोड टाळावे. पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून कुरतडायला कठीण लाकूड द्यावे.

मुलांना उंदीर शेपटीने उचलू देऊ नये. शेपटीची कातडी निसटून येते. दोन्ही हातांनी छातीखाली आधार देऊन उचलावे.

आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचे. वयस्क माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी फार आढळतात, आणि ही ग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेली असल्याने गाठ काखेतही येऊ शकते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण त्या झपाट्याने वाढतात आणि शस्त्रक्रिया लागते. कुत्र्या-मांजरांचे सर्वच डॉक्टर एवढ्या लहान प्राण्याला भूल देत नाहीत. त्यामुळे असा पशुवैद्य आपल्या शहरात आहे का, हे उंदीर आणण्याआधीच विचारून ठेवावे. आणि आठवड्यातून एकदा स्वतंत्र काट्यावर वजन करून वहीत लिहावे, कारण आजाराची चाहूल अनेकदा वजन घटण्यातूनच लागते.