एका जागेमागे शंभर अर्ज

सन २०२४ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीचे आकडे प्रत्येक व्यापारी कुटुंबाने एकदा वहीत मांडून पाहावेत असे आहेत. जागा होत्या १७,४७१ आणि त्यांसाठी आलेले अर्ज होते १७,७६,२५६. सरासरी एका जागेमागे एकशे एकाहून अधिक अर्ज. पोटखाती पाहिली तर चित्र आणखी स्पष्ट होते. पोलीस शिपायाच्या ९,५९५ जागांसाठी ८,२२,९८४ अर्ज आले, चालकाच्या १,६८६ जागांसाठी १,९८,३००, राज्य राखीव पोलीस दलाच्या ४,३४९ जागांसाठी ३,५०,५९२, तर कारागृह शिपायाच्या १,८०० जागांसाठी ३,७२,३५४. बँडपथकाच्या अवघ्या ४१ जागा होत्या. त्यांनाही ३२,०२६ अर्ज आले.

अर्ज आणि अर्जदार यांची संख्या एकच नसते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. एकच तरुण शिपाई, चालक आणि कारागृह शिपाई अशा वेगवेगळ्या पदांसाठी अर्ज करू शकत होता. तरीही ही वजावट करून उरणारी संख्या लहान नाही. पदासाठी किमान अट बारावी उत्तीर्ण एवढीच असताना अर्जदारांत पदवीधर होते, अभियंते होते, व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेलेही होते.

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे व्यापारात असल्यामुळे हा विषय आपला नाही, असे वाटण्याचा संभव आहे. मात्र आपल्या दुकानात माल काढून देणारा मुलगा, पेढीवर हिशेब लिहिणारी मुलगी, गोदामातील हमालाचा धाकटा भाऊ यांपैकी कोणी ना कोणी या गर्दीत उभे असते. दक्षिण महाराष्ट्रात शेती करणाऱ्या आपल्या बांधवांच्या गावांतूनही पहाटे रस्त्यावर धावणारी मुले दिसतात. म्हणून ही स्पर्धा कशी चालते, तिच्यामागे कोणती निकड आहे आणि तिच्याशी आपला काय संबंध पोहोचतो, याचा विचार येथे मांडत आहे.

मैदानावरील पन्नास गुण

भरतीची पहिली पायरी शारीरिक मोजमापाची. पुरुषांसाठी किमान उंची १६५ सेंटिमीटर, महिलांसाठी १५५. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर त्यात पाच सेंटिमीटरची वाढ. त्यानंतर ५० गुणांची मैदानी चाचणी. पुरुषांना १,६०० मीटर धावण्यासाठी २० गुण, १०० मीटरसाठी १५ आणि गोळाफेकीसाठी १५ गुण असतात. महिलांना लांब पल्ल्यासाठी ८०० मीटर धावावे लागते. बाकी गुणविभागणी तीच. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, महिलांचा चार किलोचा.

१,६०० मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत अंतर कापावे लागते. म्हणजे चारशे मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, आणि अशा सलग चार. हा वेग चार-सहा आठवड्यांत येत नाही. त्यासाठी वर्ष-दीड वर्ष रोज पहाटे उठावे लागते. मैदानी चाचणीत निम्मे गुण मिळवणाऱ्यांमधून प्रवर्गनिहाय, एका जागेला दहा या प्रमाणात उमेदवार लेखी परीक्षेस बोलावले जातात. लेखी परीक्षा शंभर गुणांची आणि नव्वद मिनिटांची. त्यात अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. दोन्हींच्या बेरजेवर गुणवत्ता यादी लागते. या यादीत एका गुणाच्या अंतरात कितीतरी उमेदवार दाटलेले असतात. काही सेकंद उशीर झाला तर दोन-तीन गुण जातात आणि त्याबरोबर एक वर्षही जाते.

कधी कधी त्याहून मोठी किंमत द्यावी लागते. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही तरुणांचा मृत्यू झाला. त्यानंतर धावण्याचे अंतर कमी करण्यात आले, तरी असे प्रसंग पूर्णपणे थांबले नाहीत. २०२४ ची मैदानी चाचणी ऐन जूनमध्ये सुरू झाली. पावसाने मैदाने भिजली आणि तारखा पुढे ढकलण्याची मागणी झाली. दम टिकावा म्हणून उत्तेजक औषधे घेण्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. वीस-बावीस वर्षांचा निरोगी मुलगा असा धोका पत्करतो, तेव्हा त्यामागे केवळ वर्दीची हौस असेल असे मानणे योग्य होणार नाही.

गर्दी कशासाठी?

पोलीस शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता व इतर भत्ते. ही रक्कम डोळे दिपवणारी नाही. चांगल्या बाजारपेठेतील अनुभवी सेल्समनला किंवा जुन्या मुनीमाला सुरुवातीच्या शिपायाइतकी मिळकत असू शकते. शिवाय पोलिसाची नोकरी सुखाची नाही. सण इतरांचा आणि बंदोबस्त त्याचा, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. बारा-बारा तासांची पाळी इतकी रूढ होती की २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा ती मोठी बातमी ठरली. जुन्या निवृत्तिवेतनाचे आकर्षणही पूर्वीसारखे राहिलेले नाही. १ नोव्हेंबर २००५ आणि त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांना ती योजना सर्वसाधारणपणे लागू नाही. अनेक पालकांना हे अजूनही ठाऊक नसते.

मग शंभर जण एका जागेसाठी का धावतात? माझी नोकरी बँकेत झाली आणि तिचा बराच काळ कर्जविभागात गेला. या प्रश्नाचे उत्तर तेथील टेबलावर नेहमी दिसे. समान मिळकतीचे दोघे जण घरकर्जासाठी येत. एकाजवळ शासकीय पगारपत्रक असे. त्याचे काम कागदपत्रांची छाननी होताच मार्गी लागे. दुसरा एखाद्या दुकानात पंधरा वर्षे इमानाने काम करणारा असे. त्याचा मालक भला माणूस असे. अडीअडचणीला उचल देणारा, मुलीच्या लग्नात उभा राहणारा. परंतु पगार रोखीने मिळे, नियुक्तिपत्र नसे, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक नसे. त्याची मिळकत खरी होती. ती सिद्ध करणारा कागद मात्र नव्हता. बँकेला कागदावरच निर्णय घ्यावा लागतो. असा माणूस शेवटी जास्त व्याजाच्या खासगी कर्जाकडे वळे.

हे दृश्य त्याच्या मुलाने पाहिलेले असते. शेजारचा शिपाई झालेला तरुण वर्षभरात घराची नोंदणी करतो, त्याला चांगली स्थळे येतात, आजारपणात उपचारांच्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, हेही त्याने पाहिलेले असते. तो मैदानावर धावतो तो या निश्चितीसाठी. वर्दी हे तिचे बाहेरून दिसणारे रूप आहे.

अग्निशमन आणि रुग्णवाहिका

आपत्कालीन सेवांच्या इतर दोन शाखा पाहिल्या की हा निष्कर्ष अधिक पक्का होतो. सन २०२३ च्या प्रारंभी मुंबई महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात ९१० जागांसाठी दहिसर येथे भरती झाली. तेथील चाचणी तर आणखी कठीण. एकोणीस फूट उंचीवरून खाली धरलेल्या जाळीत उडी घ्यायची, पन्नास किलोचा मानवी पुतळा खांद्यावर घेऊन धावायचे. तरीही राज्यभरातून मुले आली, रात्र उघड्यावर काढून रांगेत उभी राहिली. मुलींच्या भरतीच्या दिवशी उंचीच्या मोजमापावरून गोंधळ झाला आणि पोलिसांना बळाचा वापर करावा लागला.

याउलट १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या या सेवेने असंख्य प्राण वाचवले आहेत. महामार्गावर अपघात झाला की पोलीस, अग्निशमनाचा जवान आणि रुग्णवाहिकेचा चालक एकाच ठिकाणी, एकाच घाईने पोहोचतात. परंतु ही सेवा कंत्राटाने चालवली जाते आणि तिचे कर्मचारी शासनाचे कायम नोकर नसतात. चालकाच्या मुलाने पुढे काय व्हावे असे विचारले, तर घरातील मंडळी पोलीस भरतीचेच नाव घेतात. सेवा तितकीच मोलाची असली तरी घराला दिसतो तो कायम आणि कंत्राटी यांतील फरक.

उरलेल्या नव्याण्णवांचे काय?

निवड झालेल्याचा सत्कार गावात होतो. उरलेल्यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा २८ वर्षांची, मागास प्रवर्गांना ३३ वर्षांची. दोन भरतींमधील अंतर निश्चित नसते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भरतीची लेखी परीक्षा करोनाकाळामुळे २०२१ पर्यंत लांबली. दरम्यान अकादमीचे शुल्क, शहरातील खोलीभाडे, खुराक यांचा खर्च चालूच राहतो. मुलींच्या बाबतीत हे अधिक जाचक ठरते. भरतीत त्यांना तीस टक्के आरक्षण आहे, पण घराने त्यांना दिलेली मुदत फार तर एक-दोन प्रयत्नांची असते.

येथे पालकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रयत्नांची संख्या आरंभीच ठरवावी आणि ती मुलासमोर बसून ठरवावी. दुसरी, तयारीच्या काळात पदवी, वाहनचालक परवाना, संगणक किंवा लेखाकर्म यांपैकी एक काहीतरी पूर्ण करावे. गुणवत्ता यादीत नाव आले नाही तरी हे शिक्षण जवळ राहते. तिसरी, ‘पैसे दिल्यास काम करून देतो’ असे म्हणणाऱ्यास उंबऱ्याबाहेरच थांबवावे. धावण्याची वेळ यंत्रावर नोंदली जाते, गुण जाहीर होतात आणि उत्तरतालिका प्रसिद्ध होते. अशा व्यवस्थेत दलालाला दिलेला पैसा बहुधा बुडतो आणि मुलगा गुन्ह्यात अडकण्याची भीती राहते.

आपल्या पेढीवर

आता आपल्याकडे वळू. मैदानावरून रिकाम्या हाताने परतलेला तरुण पहाटे उठणारा, व्यसनापासून दूर राहिलेला, अंकगणिताचा सराव असलेला आणि अपयश पचवलेला असतो. व्यापाऱ्याला याहून वेगळा माणूस कोणता हवा? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे व्यापारी इमारतींत आगीपासून संरक्षणाची साधने चालू स्थितीत ठेवणे बंधनकारक आहे. कापडाच्या, कागदाच्या, तेलाच्या गोदामात ती साधने हाताळू शकणारा किती ठिकाणी असतो, हे ज्याने त्याने आपल्याच गोदामात जाऊन पाहावे. अशा तरुणाला अग्निसुरक्षेचे प्रशिक्षण दिले, तर त्याला काम मिळेल आणि आपला माल व माणसे सुरक्षित राहतील.

मात्र त्याने टिकावे असे वाटत असेल, तर ज्या निश्चितीसाठी तो धावला तिचा काही अंश आपण दिला पाहिजे. यातील बरेचसे कायद्यानेच सांगितले आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे भविष्य निर्वाह निधी, दहा किंवा अधिक असतील तेथे राज्य कामगार विमा, आणि पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर उपदान. ज्यांचे दुकान लहान आहे त्यांनाही काही अवघड नाही. नियुक्तिपत्र द्यावे. पगार बँकखात्यात जमा करावा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आणि जीवन ज्योती योजनेचा ४३६ रुपये आहे. दोन्हींत प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण मिळते. हे हप्ते मालकाने भरले तरी वर्षाला पाचशे रुपयेही होत नाहीत. दिवाळीच्या मिठाईच्या खोक्याला याहून अधिक खर्च येतो. चाळिशीच्या आतील आणि आयकर न भरणाऱ्या कर्मचाऱ्यास अटल पेन्शन योजनेत साठाव्या वर्षानंतर दरमहा एक ते पाच हजारांचे निवृत्तिवेतन घेता येते.

आपल्याकडे दान मोठ्या मनाने होते. धर्मशाळा, औषधालये, शिष्यवृत्त्या यांची परंपरा आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. त्याच वहीत आपल्या पेढीवरील माणसाच्या निश्चितीचे एक पान उघडावे. पुढील भरती जाहीर होईल तेव्हा आपल्या दुकानातील मुलाने रजा मागितली, तर ती त्याला आनंदाने द्यावी. धावण्याचे बूट घेऊन द्यावेत. यश मिळाले तर पेढे वाटावेत. न मिळाल्यास त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली असावी, आणि त्या जागेवर बसल्यानंतर बँकेच्या टेबलासमोर ठेवण्याजोगा कागद त्याच्याजवळ असावा.