मूत्रमार्गातल्या निरुपद्रवी गाठी

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या मराठी घरांत लघवीच्या तक्रारीवर पहिला उपाय ठरलेला: उन्हाळी लागली असेल, धन्याचं पाणी घ्या. माळव्यातल्या वैशाखात जळजळीला त्याने उतार पडतोही. पण लघवी लाल झाली, दुखलं मात्र काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती आपोआप स्वच्छ झाली, तर गप्प बसू नये. रक्त थांबलं म्हणून कारण गेलेलं नसतं. ते कारण खडा असेल, जंतुसंसर्ग असेल, कर्करोगही असेल. क्वचित मात्र तिथे कर्करोगासारखी दिसणारी, पण कर्करोग नसलेली गाठ सापडते.

एकच अस्तर

मूत्रपिंडातल्या नरसाळ्यासारख्या भागापासून मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि मूत्रनलिकेच्या सुरुवातीपर्यंत आतून एकच अस्तर असतं, युरोथेलियम. मूत्राशय भरला की ते ताणलं जातं, रिकामा झाला की आखडतं, आणि लघवीतली द्रव्यं पुन्हा शरीरात शिरू देत नाही. या अस्तराच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या असतात, म्हणून कोणतीही गाठ तपासल्याशिवाय साधी मानता येत नाही.

आत वळलेली गाठ

इन्व्हर्टेड पॅपिलोमाचं वर्णन पाश्किस यांनी १९२७ मध्ये केलं. आजचं नाव पॉट्स आणि हर्स्ट यांनी १९६३ मध्ये दिलं. अस्तराच्या गाठींत हिचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. पन्नाशी-साठीतल्या पुरुषांत ती जास्त दिसते, बहुधा मूत्राशयाच्या मानेपाशी. वरून गुळगुळीत, पण पेशींच्या दोऱ्या आतल्या बाजूला उतरलेल्या. काही कर्करोगही असेच आत वाढतात, त्यामुळे निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. मूत्रनलिकेतून दुर्बीण घालून ती पूर्ण काढली, की पुन्हा सहसा येत नाही.

साधा पॅपिलोमा बोटांसारखा बाहेर वाढतो. तोही निरुपद्रवी, पण कधी कधी परततो, म्हणून नंतरची तपासणी चुकवू नये.

दात्याच्या मूत्रपिंडातल्या पेशी

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो नेफ्रोजेनिक अडेनोमा. शस्त्रक्रिया, खडा, कॅथेटर किंवा जुना संसर्ग यांनी अस्तर जिथे दुखावलेलं असतं, तिथे तो उगवतो. अस्तराच्याच पेशी रूप बदलतात, असं अनेक वर्षं मानलं जाई. २००२ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्त्रीचं मूत्रपिंड मिळालेला पुरुष किंवा पुरुषाचं मिळालेली स्त्री, अशा रुग्णांच्या गाठीतली लिंगगुणसूत्रं संशोधकांनी पाहिली, तर ती दात्याची निघाली! मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतून सुटलेल्या पेशी लघवीबरोबर खाली आल्या होत्या आणि दुखावलेल्या जागी रुजल्या होत्या.

इंदूरने अवयवदानासाठी अनेकदा ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अवयव नेण्यासाठी मोकळे ठेवलेले रस्ते, केले आहेत, त्यामुळे ही माहिती इथल्या कुटुंबांना जवळची आहे. प्रत्यारोपणानंतरच्या अहवालात नेफ्रोजेनिक अडेनोमा हे नाव दिसलं, तर शरीराने मूत्रपिंड नाकारलं असा त्याचा अर्थ नाही. पण हा अडेनोमा परतू शकतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे या रुग्णांना कर्करोगाचा धोकाही वाढलेला असतो. नियमित तपासण्या सोडू नयेत.

लहान मुलांत

मूत्रवाहिनीत देठावर लोंबणारा फायब्रोएपिथेलियल पॉलिप मुलांत क्वचित आढळतो. तो मध्येच वाट अडवतो, म्हणून कुशीत दुखणं येतं आणि जातं, सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेलं दिसतं. पॉलिप काढला की वाट मोकळी होते.

तपास

आधी लघवीची साधी तपासणी. बीट खाल्ल्याने किंवा क्षयाच्या रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, ते इथेच कळतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, तरी रक्ताचा दोष तिच्यावर टाकून तपास थांबवू नये. पुढे सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी, आणि सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणं. लहान गाठ सोनोग्राफीत निसटू शकते, म्हणून डॉक्टरांनी दुर्बीण सुचवली तर टाळू नका. अनेकदा ती भुलीचं जेल लावून होते.

बायोप्सीचा अहवाल जपून ठेवाच, पण प्रयोगशाळेकडून स्लाइड आणि गाठीचा तुकडा मेणात जपलेला पॅराफिन ब्लॉकही मागून घ्या. या गाठी इतक्या दुर्मीळ आहेत, की दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्याची वेळ येऊ शकते, आणि त्यांना कागद नव्हे, तो तुकडाच पाहावा लागतो.