मिशी, पंचांग आणि पाण्याखालचा कॅमेरा

पालीला समुद्र नाही. बल्लाळेश्वराच्या गावावरून अंबा नदी जाते, धरमतरच्या खाडीला मिळते आणि जाताना भरपूर गाळ नेते. रायगडच्या किनाऱ्यावर अशा खाड्या बऱ्याच, त्यामुळे तिथल्या पाण्यात मासा सोडाच, स्वतःचा हात दिसायची मारामार. माशांचे फोटो हवे असतील तर पालीकरानं मालवण-तारकर्ली गाठावं. तिथलं पाणीही काही मालदीवचं नव्हे. म्हणून सामान घेताना प्रश्न एकच: गढूळपणावर मात कशी करायची?

पहिलं उपकरण फुकटात भिंतीवर टांगलेलं असतं, ते म्हणजे पंचांग. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात गाळ ढवळतो, सप्तमी-अष्टमीच्या भांगात पाणी निवळतं. संकष्टीला पालीत गर्दी असते तेव्हा समुद्रातल्या उधाणाचा जोरही पुरता उतरलेला नसतो. दर्शन तेव्हा घ्या, बुडी चार दिवसांनी मारा!

मास्क काळ्या सिलिकॉनचा घ्यावा. पारदर्शक कडेतून बाजूचा उजेड आत येतो आणि कॅमेऱ्याचा पडदा नीट दिसत नाही. झुपकेदार मिशी असेल तर मास्क तिथूनच गळतो, मिशीची वरची कड थोडी कातरावी लागते. चष्मेवाल्यांना नंबरच्या काचा मिळतात. शिवाय मास्कमधून प्रत्येक वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. मासेमारीच्या गप्पांना शास्त्रीय आधार आहे तो एवढाच.

रंगांची गंमत तर औरच. पाणी आधी लाल रंग गिळतं. पाचेक मीटरवरच लाल मासा मळकट दिसू लागतो. त्यावर लाल फिल्टर लावतात, पण तो निळ्या पाण्यासाठी. आपल्या हिरवट पाण्याला किरमिजी फिल्टर लागतो. दुकानदार लालच पुढे करील, आपण मान हलवायची.

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर नको, लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना हवा. समोरून मारलेला प्रकाश गाळाच्या कणांवर आपटून परत येतो, बोरघाटाच्या धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यासारखा. आणि लांबून झूम करण्याचा मोह आवरा. मासा एक मीटरवर असला तरी फ्लॅशच्या उजेडाला जाऊन-येऊन दोन मीटर पाणी कापावं लागतं. वाइड लेन्स लावून जवळ जाणं किंवा मॅक्रो लावून शंखगोगलगायींत रमणं, हे दोनच मार्ग.

इथं फ्रेंच शास्त्रज्ञ लुई बुतां आठवतो. १८९३ मध्ये त्यानं पाण्याखाली फोटो काढले, तेव्हा एका फोटोला अर्धा-अर्धा तास लागे. १९२६ मध्ये लाँगली आणि मार्टिन या जोडीनं फ्लोरिडात तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून पाण्याखाली माशाचा पहिला रंगीत फोटो मिळवला. आज आपण बॅटरी संपली म्हणून कुरकुरतो.

माझं मत विचाराल तर कॅमेऱ्याआधी पैसे तरंगण्याच्या सरावावर घालवा. अंगाला बसणारं बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवेचं) जाकीट, नेमकं वजन आणि बेडकासारखी मागे मारलेली लाथ, एवढं जमलं की तळाचा गाळ उठत नाही आणि प्रवाळही मोडत नाही. सरळ खाली लाथा झाडणारा नवखा स्वतःच्याच फोटोवर माती टाकतो. फोटो हलू नये म्हणून श्वास मात्र रोखायचा नाही. दहा मीटरवर घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते, फुप्फुसं फाटू शकतात.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेली आंग्रिया बँक, म्हणजे पाण्याखालचं प्रवाळाचं पठार, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर समुद्रात आहे. किनाऱ्याचा गाळ तिथवर पोचत नाही, पण तिचा माथाच वीसेक मीटर खोल. तिथं दिव्याशिवाय लाल रंग विसरायचा.

नव्या हाउसिंगची, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीची, परीक्षा कॅमेरा न घालता, आत कोरडा टिश्यू ठेवून घ्यावी. तिच्या ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, एक केस राहिला तरी पाणी शिरतं. आणि ही परीक्षा घरच्या बादलीत घ्या, पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम कुंडात नको.